‘आढळले नाही’

‘आहे’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द व्याकरणात एकाच पंक्तीला बसतात. व्यवहारात मात्र त्यांचे वजन सारखे नसते. एखादी वस्तू आहे असे म्हणणाऱ्याने ती एकदा दाखवली की त्याचे काम संपले. ती नाही असे म्हणणाऱ्यावर मात्र कोपरान् कोपरा धुंडाळण्याचा भार येतो, आणि इतके करूनही दाखवावयास त्याच्या हाती काही उरत नाही. घरात हरवलेली किल्ली सापडली की ती सर्वांना दिसते. सापडली नाही असे सांगणाऱ्याने किती जागा पाहिल्या, हे त्याचे त्यालाच ठाऊक. त्यामुळेच ‘नाही’ हे उत्तर जगात फार स्वस्तात दिले जाते आणि निमूटपणे स्वीकारलेही जाते. हे उत्तर देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती सोपवलेला असतो, त्यांची नैतिक जबाबदारी नेमकी कोणती आणि कोणाविषयीची, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आला आहे. तो केवळ तात्त्विक भाषेत मांडू गेल्यास शब्दांच्या धुक्यात हरवून जाण्याचे भय आहे. म्हणून एका साध्या, सरकारी आणि बहुतांशी दुर्लक्षित अशा व्यवसायाच्या आधाराने तो मांडण्याचे आम्ही योजिले आहे. हा व्यवसाय म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळेत क्षयाच्या शंकेने आलेली थुंकी तपासणाऱ्या तंत्रज्ञाचा.

या कामाची रीत जुनी आहे. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, आणि त्यानंतर थोड्याच काळात झील व नील्सन यांच्या नावांनी ओळखली जाणारी रंगक्रिया रूढ झाली. किरकोळ फेरफारांनिशी तीच आपल्या देशातील आरोग्यकेंद्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आली, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही चालते. रुग्णाने खोल खोकून काढलेला बेडका झाकणाच्या डबीतून येतो. तंत्रज्ञ प्रथम काचपट्टीवर हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने क्रमांक कोरतो. कारण शाईने लिहिलेला क्रमांक पुढच्या धुण्यात पुसून जाईल. मग बांबूच्या काडीने बेडक्यातील घट्ट, पिवळसर भाग उचलून त्याचा पातळ लेप पट्टीवर पसरावयाचा, तो वाळू द्यावयाचा आणि ज्योतीवरून फिरवून पक्का करावयाचा. त्यावर कार्बोल फ्युक्सिनचा लाल रंग ओतून, खालून वाफ निघेपर्यंत तापवावयाचे. उकळू मात्र द्यावयाचे नाही. काही मिनिटांनी धुऊन वर २५ टक्क्यांचे गंधकाम्ल ओतले की इतर सर्व काही तो लाल रंग सोडून देते. मेणचट कवचाचा क्षयजंतू तेवढा सोडीत नाही. शेवटी मिथिलीन ब्ल्यू ओतून धुतले की निळ्या भूमीवर बारीक लाल काड्या दिसू लागतात. अर्थात, त्या असतील तर.

या ‘असतील तर’मध्येच सारा प्रश्न आहे. लेपावर तेलाचा थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाने हजार पट मोठे करून पाहताना लेपाचा अगदी कणभर भाग एका वेळी दृष्टीस पडतो. त्याला क्षेत्र म्हणतात. नियम असा आहे की, प्रत्येक क्षेत्रात दहाहून अधिक जंतू दिसत असतील तर वीस क्षेत्रे पाहून निकाल लिहावा. एक ते दहा दिसत असतील तर पन्नास पाहावीत. त्याहून विरळ असतील तर शंभर. आणि एकही दिसला नाही, तर शंभर क्षेत्रे पाहून झाल्यावाचून ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहिण्याचा अधिकार नाही. म्हणजे जेथे रोग ओसंडून वाहतो आहे तेथे वीस क्षेत्रांत सुटका, आणि जेथे काहीच नाही तेथे त्याच्या पाचपट श्रम! नोकरीनिमित्त कर्नाटकात राहत असता आमच्या शेजारी अशाच एका केंद्रातील तंत्रज्ञ बाई राहत असत. त्यांना आम्ही एकदा सहज विचारले, की आज किती जणांत रोग सापडला? त्या म्हणाल्या, “किती सापडले ते सगळेच विचारतात. ज्यांच्यात सापडले नाही त्यांच्यात किती पाहिले, ते आजवर कोणी विचारले नाही.” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. कामाचा खरा भार कोठे असतो, एवढेच त्या सांगत होत्या.

आपल्या दार्शनिकांनी या कोड्याचा फार बारकाईने विचार केला आहे. समोरच्या जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान आपल्याला कशाने होते? नैयायिक म्हणतात, ते प्रत्यक्षानेच होते. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक आणि त्यांच्याबरोबर अद्वैती म्हणतात, त्यासाठी ‘अनुपलब्धि’ असे एक स्वतंत्र प्रमाण मानावयास हवे. हा वाद शतकानुशतके चालला. तथापि एका अटीविषयी दोन्ही पक्षांचे फारसे दुमत नाही. केवळ न दिसणे पुरेसे नाही. घडा तेथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. काळोख्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून घडा नाही असे ठरत नाही. तेथे फक्त आपल्याला दिसले नाही इतकेच ठरते. या अटीला शास्त्रकारांनी ‘योग्यता’ म्हटले आहे, आणि योग्यतेने युक्त असे न दिसणे, तेवढेच अभावाचे ज्ञान देऊ शकते.

प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने हा शास्त्रार्थ कधी वाचलेला नसेल. पण त्याचे दिवसभराचे कर्म म्हणजे ही योग्यता निर्माण करणे हेच होय. रुग्णाने बेडका न आणता नुसती लाळ आणली असेल, तर त्या पट्टीत जंतू न दिसणे म्हणजे काळोखात घडा न दिसणे. लेप जाड झाला, रंग पुरेसा तापला नाही, भिंगावर कालच्या तेलाचा थर तसाच राहिला, क्षेत्रे शंभराऐवजी तीसच पाहिली, तरी तीच गत. इतकी सर्व सिद्धता करूनही एक मर्यादा उरतेच. एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्यावाचून या रीतीने ते सहसा दृष्टीस पडत नाहीत. म्हणून अहवालात ‘जंतू नाहीत’ असे न लिहिता ‘आढळले नाहीत’ असे लिहितात. या दोन वाक्यांतील अंतर व्याकरणाचे नसून नीतीचे आहे. पहिले वाक्य रुग्णाच्या फुप्फुसाविषयी बोलते. दुसरे पाहणाऱ्याच्या पाहण्याविषयी. ‘आढळले नाही’ असे म्हणणारा स्वतःच्या कृतीची साक्ष देत असतो. ‘आम्ही पाहावे तसे पाहिले, आणि दिसले नाही’, इतकाच त्याचा अर्थ. पण तितका पुरा अर्थ.

येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. खोकल्याने त्रस्त होऊन येणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना क्षय नसतो. समजा, शंभरांपैकी नव्वद जणांना नाही असे धरू. मग ज्याने एकही पट्टी न पाहता शंभर वेळा ‘आढळले नाहीत’ असे लिहिले, तो नव्वद वेळा बरोबर ठरेल. त्याचे वाक्य वस्तुस्थितीशी जुळेल आणि कोणाचे काही बिघडणार नाही. तरीही त्या नव्वद वेळांस तो खरे बोलला असे म्हणता येईल काय? आमच्या मते नाही. तो शंभरही वेळा खोटेच बोलला. कारण त्याच्या वाक्याचा विषय रुग्णाचे फुप्फुस हा नव्हता, त्याचे स्वतःचे पाहणे हा होता, आणि ते पाहणे घडलेच नाही. आपण सामान्यतः असत्याची परीक्षा परिणामावरून करतो. जे चुकले ते खोटे, जे जुळले ते खरे. या व्यवसायात ती परीक्षा उपयोगी पडत नाही. येथे आळस बहुतेक वेळा बरोबर ठरतो, आणि तीच त्यातील मोठी भीती आहे. ज्या चुकीची शिक्षा ताबडतोब मिळते ती चूक माणसाला शिकवते. जी चूक दहांतून नऊ वेळा पचून जाते, ती त्याला आपण निष्णात आहोत असे वाटावयास लावते.

उरलेल्या दहांचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. त्यांच्यापैकी एखादा रोजंदारीवर जाणारा असतो. एका दिवसाची मजुरी बुडवून तो केंद्रात आलेला असतो. ‘आढळले नाहीत’ असा कागद हाती पडला की त्याची शंका फिटते, घरातल्यांची भीती जाते, आणि एका खोलीत राहणाऱ्या पाच-सहा माणसांत तो खोकत राहतो. पुन्हा तपासून घ्यावयास तो सहसा येत नाही. कारण सरकारी कागदावर त्याचा विश्वास असतो. बंगळूर येथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. त्या संस्थेत काम करणारे बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील रुग्णांविषयी केलेला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातला माणूस आजाराविषयी बेफिकीर असतो, अशी तोपर्यंत समजूत होती. या अभ्यासात निराळेच आढळले. क्षयाच्या रुग्णांपैकी सुमारे निम्मे आपल्या पायांनी दवाखान्यात जाऊन आलेले होते, आणि पुष्कळांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवण्यात आले होते. माणसे येत होती. पाहणारा पाहत नव्हता. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा पाया थुंकीच्या तपासणीवर घातला गेला, त्यामागे हीच जाणीव होती की जो दाराशी येतो त्याला आधी नीट पाहा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तंत्रज्ञाने ज्याच्याविषयी साक्ष दिली तो माणूस त्याने पाहिलेला नसतो. डॉक्टरसमोर रुग्णाचा चेहरा असतो, परिचारिकेच्या हातात त्याचा हात असतो; तंत्रज्ञासमोर एक कोरलेला क्रमांक असतो. करुणा ही डोळ्यांतून मनात उतरणारी वृत्ती आहे. समोर कण्हणाऱ्याविषयी ती सहज जागी होते, क्रमांकाविषयी होत नाही. मग न पाहिलेल्या माणसाविषयीचे कर्तव्य हे पाहिलेल्या माणसाविषयीच्या कर्तव्यापेक्षा कमी प्रतीचे मानावे काय? मन तसे मानू पाहते, हे उघड आहे. परंतु विचार केला तर उलटच दिसते. समोरचा रुग्ण स्वतःचे रक्षण थोडेफार करू शकतो. तो विचारू शकतो, रागावू शकतो, डॉक्टरच्या चेहऱ्यावरून काही ताडू शकतो. काचपट्टीवरच्या माणसाला यातले काहीच करता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारे त्या खोलीत दुसरे कोणी नसते. जो इतका निराधार असतो त्याचे देणे अधिक मानावे, कमी नव्हे.

अशा प्रसंगी निष्काम कर्माची आठवण होणे आपल्याकडे स्वाभाविक आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाल्यापासून कर्मयोग हा शब्द मराठी माणसाच्या घरोघरी पोहोचला. तंत्रज्ञाला फळ दिसत नाही. ज्याला त्याने वाचवले तो त्याला ओळखत नाही. तेव्हा हा निष्काम कर्माचा आदर्श नमुना आहे, असे कोणी म्हणेल. पण या शब्दाचा एक सोयीचा अर्थही प्रचारात आहे, आणि आपल्यासारख्या नोकरदारांत तो विशेष लोकप्रिय आहे. ‘आपण आपले काम करावे, पुढे काय होईल ते होवो’ असा तो अर्थ. आमच्या मते येथे दोन अगदी भिन्न गोष्टींची गल्लत होते. फळावर हक्क न सांगणे ही एक गोष्ट, आणि फळाची पर्वा न करणे ही दुसरी. ज्या तंत्रज्ञाला पट्टीमागच्या माणसाचे पुढे काय होईल याची पर्वाच नाही, तो शंभरावे क्षेत्र कशासाठी पाहील? नव्व्याण्णवपर्यंत काही दिसले नाही, शंभराव्यातही बहुधा दिसणार नाही. ते शंभरावे क्षेत्र पाहावयास लावणारी शक्ती म्हणजे त्या न पाहिलेल्या माणसाच्या भवितव्याची काळजीच होय. तो बरा झाला हे आपल्याला कधी कळणार नाही, त्याचे श्रेय आपल्याला मिळणार नाही, हे पूर्णपणे स्वीकारून वाहिलेली ही काळजी आहे. निष्कामता म्हणजे काळजीचा अभाव नव्हे. काळजी करावी आणि तिचे बिल कोणाला पाठवू नये, हे तिचे स्वरूप आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की, काळजीवर विसंबून प्रयोगशाळा चालत नाहीत. तपासणीवर तपासणी हवी. तशी ती आहेही. पाहून झालेल्या पट्ट्या तेल पुसून पेटीत क्रमाने ठेवाव्या लागतात, आणि पर्यवेक्षक त्यांतील काही निवडून पुन्हा पाहण्यासाठी देतो. पुन्हा पाहणाऱ्याला पहिला निकाल मुद्दाम सांगितला जात नाही. या शेवटच्या तरतुदीत मोठे शहाणपण आहे. पहिला निकाल ठाऊक असेल तर दुसरा डोळाही तेच पाहू लागतो. वरिष्ठाचा डोळा झाला म्हणून तो या मोहातून सुटत नाही. काही जणांना ही फेरतपासणी आपल्या सचोटीवरचा अविश्वास वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. सचोटीचे माणूसही दिवसअखेर थकते, आणि थकलेल्या डोळ्याला आपण थकलो आहोत हे सर्वांत शेवटी कळते. फेरतपासणी हा सचोटीला दिलेला आधार आहे. मात्र आधार म्हणजे पर्याय नव्हे. ती काही थोड्या पट्ट्यांचीच होते. बाकीच्या पट्ट्यांकडे दुसरे कोणीही कधी पाहत नाही. त्यांचा साक्षीदार पहिला आणि शेवटचा एकच.

नोंदीचे महत्त्व किती, याची एक जुनी कथा सांगण्यासारखी आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी त्या वेळच्या पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचण्यात आली. ती मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत हाफकिन यांच्या देखरेखीखाली तयार झालेली होती. टोचून घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि त्यांची कीर्ती धुळीस मिळाली. पुढे पुराव्यातून दिसून आले की, बाटली उघडताना वापरावयाचा चिमटा गावातच मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, आणि १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. १९२५ साली त्याच परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. या प्रकरणात बाटलीला क्रमांक होता म्हणून मृत्यूचा माग एका बाटलीपर्यंत गेला, आणि ती बाटली कोठे, कशी उघडली गेली याचा शोध घेता आला म्हणून निर्दोष माणूस, उशिरा का होईना, मोकळा झाला. नोंदवही ही गुन्हेगार पकडण्याचे साधन आहे असे आपण समजतो. निरपराध माणसाचे ती एकमेव कवचही आहे.

इथवर आम्ही सारा भार तंत्रज्ञावर टाकीत आलो. पण न्यायाने पाहावयाचे तर हिशेब आणखी पुढे नेला पाहिजे. घाई न करता शंभर क्षेत्रे पाहावयास पाच ते दहा मिनिटे लागतात. म्हणून एका माणसाने दिवसाला वीस-पंचवीसांहून अधिक पट्ट्या पाहू नयेत, असा संकेत आहे. समजा, शेजारच्या केंद्रातील जागा रिकामी आहे आणि तेथील डब्याही याच टेबलावर येऊ लागल्या. साठ पट्ट्या झाल्या. पाच मिनिटांच्या हिशेबानेही नुसता भिंगाला डोळा लावून पाच तास होतात. रंग, धुणे, नोंदी यांचा वेळ निराळा. संध्याकाळी साठही निकाल लिहिलेले असावेत अशी वरून अपेक्षा असते. मग त्या नोंदवहीत जे असत्य उतरते ते कोणाचे? हात तंत्रज्ञाचा खरा. पण ते वाक्य त्याच्याकडून वदवून घेणारे दुसरेच असतात. रिकाम्या जागेचा प्रस्ताव ज्या टेबलावर तीन महिने पडून राहिला ते टेबल, रंगद्रव्याच्या मागणीवर ‘मागील वर्षाचा खर्च दर्शवावा’ असा शेरा मारून ती परत पाठवणारी लेखणी, आणि निकालांची संख्या मोजून क्षेत्रांची न मोजणारा तक्ता, हे सर्व त्या वाक्याचे सहलेखक होत. आणि ती टेबले, त्या लेखण्या, ते तक्ते आपल्याच जातीच्या माणसांचे आहेत, हे या मासिकाच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

किंबहुना ‘आढळले नाही’ हे वाक्य प्रयोगशाळेपेक्षा कचेरीत अधिक वेळा लिहिले जाते. ‘माहिती निरंक आहे’, ‘सदर प्रकरणी अभिलेख आढळून येत नाही’, ‘मूळ सेवापुस्तक शोधूनही मिळाले नाही’ अशी वाक्ये आपल्या ओळखीची आहेत. एखाद्या मृत कर्मचाऱ्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावयाचे असते, आणि ते अशा एका वाक्यापाशी येऊन थांबते. ती बाई दूरच्या गावी असते. आपल्यासमोर तिचा अर्ज असतो आणि अर्जावर आवक क्रमांक असतो. तिच्यासाठी किती कपाटे उघडली, किती गठ्ठे सोडले, याची साक्ष आपल्यावाचून कोणी देणार नसते. तंत्रज्ञाला निदान शंभर हा आकडा नेमून दिलेला आहे. ‘शोधूनही’ या आपल्या शब्दात किती क्षेत्रे मोजावयाची, हे कोणत्याही नियमपुस्तिकेने सांगितलेले नाही.

मग साठ पट्ट्या समोर असलेल्या माणसाने करावे तरी काय? कर्मठ नीतिवादी म्हणेल, पंचवीस नीट पाहाव्यात आणि उरलेल्या उद्यावर टाकाव्यात. दयाळू माणूस म्हणेल, लांबून आलेल्याला परत पाठवणे म्हणजे त्याला गमावणे. उद्या तो येईल कशावरून? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तथापि दोन्ही मार्गांत दोष असता निवड करावयाची ती, कोणता दोष उघड्यावर राहतो हे पाहून करावी, असे आम्हांस वाटते. ‘अद्याप तपासली नाही’ असे लिहिलेली पट्टी दुसऱ्या दिवशीही टेबलावर असते; ती ढीग बनते, डोळ्यांत खुपते, वरिष्ठांना अडचणीत आणते, आणि कधी ना कधी तिच्यामुळे रिकामी जागा भरली जाते. न पाहता ‘आढळले नाहीत’ असे लिहिलेली पट्टी मात्र शांतपणे पेटीत जाते. पहिला अन्याय ओरडतो. दुसरा मुका असतो, आणि मुक्या अन्यायावर इलाज करण्याची सोय कोणत्याही राज्यव्यवस्थेत नाही. विलंबाची लाज पत्करणे यातच येथे प्रामाणिकपणा आहे, आणि जो ती पत्करतो त्याला दोष देऊ नये, हे वरिष्ठांचे कर्तव्य आहे.

आता यंत्रे आली आहेत. १९९७ साली सुधारित स्वरूपात सुरू झालेला कार्यक्रम २०२० पासून क्षयरोग निर्मूलनाच्या नावाने चालतो, आणि त्यात सीबीनॅट व ट्रूनॅट ही जंतूची जनुके शोधणारी यंत्रे वापरली जातात. ट्रूनॅट हे तर गोव्यातील कंपनीने घडवलेले, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलेले. सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नाही ते यांना सापडते, आणि शंभर क्षेत्रे मोजावी लागत नाहीत. मग आमचा प्रश्न शिळा झाला काय? डबीवर नाव बरोबर लिहिले की नाही, डबीत बेडका आहे की लाळ, हे यंत्राला ठाऊक नसते. ते अजून माणसानेच पाहावयाचे आहे. पण या यंत्रांत आम्हांस विशेष भावली ती निराळीच गोष्ट. परीक्षा नीट पार पडली नाही तर ते ‘आढळले नाही’ असे म्हणत नाही. ‘निकाल अवैध’ किंवा ‘त्रुटी’ असे सांगून मोकळे होते. त्याला भिडेची, वरिष्ठांची किंवा महिन्याच्या तक्त्याची भीती नसते. काळोखात न दिसणे आणि उजेडात न दिसणे यांतील जो भेद शास्त्रकारांनी शिकवला, तो यंत्र बिनचूक पाळते. माणसाला तो पाळणे अवघड जाते, कारण ‘आम्हांला पाहता आले नाही’ असे म्हणण्यात त्याला कमीपणा वाटतो.

तो कमीपणा नव्हे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. तिसरे उत्तर देण्याची मुभा ज्या कचेरीत आणि ज्या प्रयोगशाळेत आहे, तेथेच ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन्ही उत्तरांना अर्थ राहतो. ज्यांना आपण कधी पाहणार नाही, ज्यांची भाषाही कदाचित आपल्याला कळणार नाही, अशांच्या कामासाठी आपल्यापैकी पुष्कळजण घरापासून दूर बसलेले आहोत. त्यांना आपली दया कधी जाणवणार नाही आणि आपली विद्वत्ताही कळणार नाही. त्यांच्यापर्यंत आपले जे पोहोचते ते एका ओळीचे उत्तर असते. ते ‘आढळले नाही’ असे असेल, तर त्यामागे शंभर क्षेत्रे पाहिलेली असावीत. आणि पाहिलेली नसतील, तर तसे लिहिण्याचे धैर्य असावे.